२३ ब्लाऊज पडून आहेत आणि हात चालंना, काय करावं?

वडगावची_शिलाई, रात्री ११.५०

नमस्कार सगळ्यांना. मी इथं वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ. बेळगावात वडगावला राहतो आम्ही. वय ३७. घरातच शिलाई करते, ब्लाऊज, फॉल-पिको, पोरींचे परकर-पोलके, १२ वर्षं झाली. ह्यांची ड्युटी उद्यमबागेत, तीन शिफ्टमध्ये फिरती. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत.

मे महिन्यात सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता घरीच आहेत, वॉकर धरून चालतात खरं रात्री दोनदा तरी उठून त्यांना संडासला न्यावं लागतंय. त्यांचा राग नाही मला, बिचाऱ्या स्वतःच रडतात की माझ्यापायी तुझे हाल व्हायलेत. त्यात मंगाईची यात्रा आली, पाव्हणे, जेवणं, यात्रेचे ब्लाऊज कसेबसे जागून दिले आणि त्यानंतर काय झालं कळत नाही, माझा हातच चालंना झालाय.

आज मोजले, २३ आहेत. त्यातल्या ६ जणींची तारीख उलटून गेली, बाकीचे बहुतेक गौरी-गणपतीचे. सकाळी मशीनसमोर बसते, पिशव्यांकडं बघते, कुठली घ्यावी कळत नाही, एक उचलते, परत ठेवते, मग भांडी तरी घासूया म्हणून उठते आणि भांडी घासताना डोक्यात ब्लाऊजच. फोन वाजला की छातीत धडधडतंय. परवापासून फोन सायलेंट करून तांदळाच्या डब्यावर ठेवते. काल एक बाई दारात आल्या तर मी आतल्या खोलीतनं पोरीला सांगायला लावलं, मम्मी घरात नाही म्हणून सांग. पोरीला मी खोटं बोलायला लावलं, ते रात्रभर डोक्यातनं जाईना.

मुलगा कन्नडची वही घेऊन येतो. मला बाजारापुरतं बोलायला येतं, वाचायला येत नाही, मी मराठी शाळेत शिकलेली. उद्या बघू म्हणते, असे किती उद्या झाले. पाऊस थांबंना, घरभर दोरीवर ओले कपडे, लाईट मधनंच जाते.

मोटिव्हेशनचे व्हिडिओ पण बघितले, बघताना वाटतं उद्यापासून करायचंच, सकाळी परत तसंच. मी कधी आळशी नव्हते हो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले सोडून दे की शिलाई, कशाला डोक्याला ताप. ते काळजीनंच म्हणाले, खरं ते ऐकून मला जास्तच रडू आलं. शिलाई सोडली तर ह्या घरात माझं म्हणून काय राहतंय? कुणाला असं झालंय का? तुम्ही काय केलंत ते सांगा.

पहाटवारा, सकाळी ६.१०

ताई, पहाटे ५ ला उठायची सवय लावा, अर्धा तास चालून या, दहा मिनिटं डोळे मिटून बसा, दिवसभर मन प्रसन्न राहतं. माझा ४ वर्षांचा अनुभव आहे. मनात निगेटिव्ह विचार आला की लगेच दुसरा चांगला विचार आणायचा. जमेल तुम्हाला.

नर्सअक्का_खानापूर, सकाळी ९.३०

पहाटवारा, तुमची सवय चांगलीच आहे, खरं रात्री दोनदा उठणाऱ्या बाईला ५ ला उठ म्हणून सांगू नये. तिची पहिली गरज झोप आहे. मे पासून आतापर्यंत सलग झोप नाही म्हणजे डोकं चालणार कसं, कुठली पिशवी घ्यावी हे न सुचणं हे न झोपलेल्या माणसाचंच लक्षण असतंय.

ताई, मी सरकारी दवाखान्यात काम करते, तुमच्यासारख्या बायका रोज बघते. दोन गोष्टी सांगते, तेवढ्या ह्याच आठवड्यात करा. एक, रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची टीएसएच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत ५७ जणींना रक्त कमी निघालंय. १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे कमीच. रक्त कमी असलं की जिना चढताना दम लागतो, धडधडतं, हातापायात जीव नसल्यासारखं वाटतं आणि बाई स्वतःलाच आळशी म्हणून शिव्या देत बसते. थायरॉईड कमी असला तरी तसंच, सगळं जड जड. हे ब्लाऊज संपल्यावर बघू म्हणू नका, आधी हे. आणि जेवणावर लगेच चहा घेत असाल तर ते बंद करा, चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही, दीड-दोन तासानं घ्या.

दुसरं, सासूबाईंच्या खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. भाड्यानं पण मिळते. रात्री संडासपर्यंत नेणं हे तुम्हालाही त्रासाचं आणि त्यांनाही, ओल्या फरशीवर परत पडायची भीती आहे ती वेगळीच. खुर्ची जवळ असली की पाच मिनिटांत काम होतं. आणि संध्याकाळचा चहा त्यांना जरा लवकर द्या.

आणि एक नीट ऐका. दोन आठवड्यांच्या वर रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण कशाच्या लायकीचे नाही असं वाटायलंय, असं असेल तर त्याला औषधोपचार आहे, तो घ्यायचा. १४४१६ ह्या नंबरवर फोन करा, टेलिमानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलंय, फुकट आहे, २४ तास चालू, भाषा निवडता येते. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. तिथं ओळखीचं कुणी भेटेल म्हणून लाज वाटत असेल तर धारवाडला डिमहान्स आहे, मनाच्या आजारांचा सरकारी दवाखाना, शक्ती योजनेत आपल्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड घेऊन सकाळी जायचं संध्याकाळी परत. आणि मरणाचे विचार यायला लागले तर सकाळची वाट बघू नका, त्याच मिनिटाला फोन करा नाहीतर शेजारणीला उठवा. हे मी प्रत्येकीला सांगते, तुम्हालाही सांगितलं.

उद्यमबाग_टर्नर, दुपारी ३.४०

ताई, मी तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं मशीन शॉपमध्ये आहे, १८ वर्षं झाली, कदाचित तुमच्या घरच्यांच्या शेजारच्याच शेडमध्ये असेन. मला दोन वर्षांपूर्वी अगदी हेच झालतं. बापाचं आजारपण, घराचा हप्ता, वर शिफ्टला माणूस कमी. मशीन चालू करायचं आणि नुसतं बघत उभं राहायचं. एक जॉब, म्हणजे मशीनवर काढलेला पार्ट, रिजेक्ट झाला की हात आणखी कापायचा. बायकोला एक शब्द बोललो नव्हतो. ती विचारायची तर वसकन अंगावर जायचो, त्याचं आजही वाईट वाटतं.

आमच्या एका वयस्कर सुपरवायझरनं मला बाजूला घेऊन एकच सांगितलं. म्हणाले, ह्या शेडमध्ये महिन्याला हजारभर जॉब येतात, ते सगळे आपण तुझ्या मशीनपुढं आणून ओततो काय? नाही की नाही. जॉब कार्ड येतं, त्यावर आजचं काम असतं, बाकीचं स्टोअरला कुलपात. तू घरचं सगळं रोज मशीनपुढं ओतून बसायलास. त्या दिवसापासून मी आजचं तेवढं एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायला लागलो, उरलेलं दुसऱ्या वहीत, ती वही संध्याकाळीच उघडायची. तुम्ही पण त्या २३ पिशव्या मशीनसमोर ठेवू नका, कपाटात घाला, दार लावा. समोर दोनच.

आणि सेटिंगचं एक. आम्ही एकदा सेटिंग लावलं की त्या साइजचे सगळे जॉब काढून घेतो, सारखं सेटिंग बदललं तर दिवस त्यातच जातो. तुमच्यात पण असं काय असेल तर बघा, एका मापाचे एकत्र.

शेवटचं तुमच्या मालकांसाठी आहे, त्यांना हे वाचून दाखवा. दादा, सोडून दे म्हणणं आपल्याला सोपं वाटतं, आपल्याला वाटतं आपण तिचं ओझं कमी केलं. तिनं ओझं उचलायला हात मागितलाय. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आईचं रात्री ११ पर्यंतचं आपण बघायचं, सेकंड शिफ्टला पहाटेचं आपण. थर्ड शिफ्टला असाल तर दुपारी तिला दोन तास झोपू द्यायचं, पोराचं आणि आईचं आपण. मी करतोय म्हणून सांगतोय, जमतंय.

कात्री_मावशी, रात्री ८.१५

शहापूरला माझं दुकान आहे, ३१ वर्षं. बाळ, तुझं वाचून मला माझीच आठवण आली, माझ्याकडं एकदा लग्नसराईत ४० पडले होते आणि मी तीन दिवस दुकान उघडलं नव्हतं, शटर अर्धं खाली ओढून आत नुसती बसले होते.

टर्नर दादांचं बरोबर आहे, खरं शिलाईत मापानं एकत्र होत नाही, प्रत्येकीचं माप वेगळं. आपल्यात दोऱ्यानं एकत्र करायचं. लाल-मरूनचे एका जागी, हिरवे एका जागी. एकदा रीळ आणि बॉबिन घातलं की त्या रंगाचे सगळे मारून काढायचे. आणि कटिंग, शिलाई, हुक-काज ही तीन वेगळी कामं समज. कटिंगला डोकं ताजं लागतं, ते सकाळी पोरं शाळेला गेली की, चार-पाच एकदम कापून प्रत्येकाचे तुकडे त्याच्याच पिशवीत, वर मापाचा ब्लाऊज आणि नावाची चिठ्ठी टाचून. शिलाई दुपारी लाईट असताना. हुक-काज, हातशिलाई संध्याकाळी सासूजवळ बसून, तिच्याशी बोलत. लाईट गेली तर हातशिलाई काढायची, लाईटच्या नावानं बसून राहायचं नाही. आणि ज्या दिवशी काहीच होईना त्या दिवशी नुसते हुक लाव, दोन ब्लाऊजचे, तेवढ्यानं पण मशीनची भीती कमी होते.

आता हिशेब बघ. २३ म्हणजे तुला डोंगर वाटायलाय. दिवसाला दोन धरले तरी १२ दिवसांचं काम, गणपतीला महिना आहे. तू १२ वर्षं शिवतेस, चांगल्या दिवसात तीन-चार काढत असशील. डोंगर ब्लाऊजचा नाही बाळ, त्या ६ बायकांचा आहे ज्यांना तू तोंड चुकवायलेस. धडधड त्यांचीच आहे. त्यांचा फोन यायच्या आत तू फोन कर. सकाळी १० ला, पोटात चार घास गेल्यावर, सहाच फोन, जास्त बोलायचं नाही. म्हणायचं, वैनी, तुमची तारीख माझ्याकडनं चुकली, घरात सासूबाई खाटेवर आहेत, अमुक तारखेला नक्की देते, तोवर थांबणं शक्य नसेल तर कापड नेऊन दुसरीकडं द्या, मी मनात काही धरणार नाही. तारीख सांगताना तुला वाटते त्याच्यापेक्षा दोन दिवस पुढची सांग. एखादी ओरडेल, ओरडू दे. बाकीच्या पाच, घरी सासू आहेत म्हटल्यावर तुलाच धीर देतील, त्यांच्या पण घरी कुणी ना कुणी खाटेवर असतंच.

आणि नवीन काम गणपतीपर्यंत बंद. दाराला पाटी लाव. फॉल-पिको सुद्धा नाही. पाच मिनिटांचं आहे म्हणून घेतो आणि तेच जीव खातं. जमत नसतील ते तीन-चार अनगोळला नाहीतर शेजारपाजारी कुणी शिवणारी असेल तिला दे, पैसे तिलाच जाऊ देत, ह्या वेळी पैशाचं बघू नको.

दूधगंगा_काठ, रात्री १०.२०

मी निपाणी तालुक्यातली, नदीकाठचं गाव. मावशींनी सगळं सांगितलंय, मी फक्त माझं सांगते.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी आलतं तेव्हा आमचं घर बुडालं. आम्ही जनावरं घेऊन वरच्या गावात शाळेत होतो. पाणी उतरल्यावर परत आलो तर दार ढकलवंना, आत गुडघाभर चिखल, कपाट पालथं, ज्वारीचं पोतं कुजून वास सुटलेला, भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. मी उंबऱ्यात बसले ती दोन तास उठलेच नाही. काय आधी उचलू, कुठनं सुरू करू. मालक पण गोठ्याच्या दगडावर तसेच बसलेले. कुणी कुणाशी बोलंना.

माझी आई आली माहेरनं, तिनं आम्हाला काही शहाणपण शिकवलं नाही. तिनं फावडं घेतलं आणि चुलीपुढची जागा, तीन-चार हात असेल, तेवढीच साफ केली. तेवढीच. बाकी घरात चिखल तसाच. मग शेजारनं विस्तव आणला, चहा ठेवला, मालकांना हाक मारली. त्या साफ केलेल्या तुकड्यावर बसून आम्ही तिघांनी चहा घेतला, सगळीकडं चिखल आणि मधे आमचा तो तुकडा. चहा पिऊन झाल्यावर मालक स्वतःच उठले आणि दाराकडची बाजू ओढायला लागले. मला अंगात बळ आलतं असं नाही, डोळ्यातनं पाणी चालूच होतं, खरं हात चालायला लागले. घर पूर्ण व्हायला पुढं दोन महिने गेले.

आजपण काही सुचंना झालं की मी चुलीपुढची जागा आधी पुसते.

राणीचन्नम्मा_एमए, रात्री ११.०५

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मावशींच्या फोनच्या सल्ल्याला अभ्यासाचा पण आधार आहे म्हणून लिहितेय. अर्धवट राहिलेलं काम मनाला सोडत नाही हे ब्लूमा झायगार्निक ह्या बाईंनी १९२७ मध्ये मांडलं. अर्धवट कामच जास्त लक्षात राहतं ही त्यांची गोष्ट पुढच्या प्रयोगांत नेहमी तशी आली नाही, पण २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर ह्या दोघांनी दाखवलं की राहिलेलं काम मधेमधे डोक्यात येऊन त्रास देत असेल तर ते पूर्ण करावंच लागतं असं नाही, कधी आणि कसं करणार हे नक्की ठरवलं तरी तो त्रास बराच कमी होतो. म्हणजे सहा जणींना तारीख दिली त्याच संध्याकाळी, एक टाका न घालता, तुमचं डोकं थोडं हलकं व्हायला पाहिजे.

आणि मुलाच्या कन्नडचं. मी पण मराठी शाळेतली, अकरावीला कन्नड वाचायला शिकले. ताई, अक्षरं वेगळी दिसतात पण क्रम आपलाच आहे, क ख ग घ, काना-मात्रा वेलांट्या सगळं त्याच ओळीनं, त्याला कागुणित म्हणतात, आपली बाराखडीच ती. फक्त ए आणि ओ त्यांच्यात ऱ्हस्व-दीर्घ दोन-दोन आहेत. तुम्ही त्याला शिकवायला जाऊ नका, त्याला सांगा मला शिकव, रोज दोन अक्षरं. शिकवताना त्याचा अभ्यास आपोआप होतो आणि तुमचा उद्या बघू बंद होतो. तो चुकला तरी चालेल, वर्गात बाई बघतील.

पहाटवारा, सकाळी ६.२०

नर्सअक्का, तुमचं बरोबर आहे, मी सासूबाईंचं रात्रीचं नीट वाचलं नव्हतं. ताई, माफ करा, तुम्ही आधी झोपा.

वडगावची_शिलाई, ११ दिवसांनी, रात्री ९.४०

उशिरा लिहितेय, सगळ्यांचं रोज वाचत होते, कितीदा वाचलं सांगू शकत नाही.

पहिल्या दिवशी नुसत्या पिशव्या कपाटात घातल्या आणि झोपले, दुपारी, दोन तास, लग्नानंतर दुपारची अशी कधी झोपले नसेन. दुसऱ्या दिवशी फोन केले. हात थरथरत होता म्हणून पोरीला शेजारी बसवलं. चौघी नीट बोलल्या, एकजण बरंच बोलली आणि कापड घेऊन गेली, वाईट वाटलं खरं गेली ती गेली. सहाव्या म्हणजे त्या दारात येऊन गेलेल्या बाई. त्यांना मी खरं सांगितलं की त्या दिवशी मी घरातच होते. त्या जरा वेळ गप्प झाल्या आणि म्हणाल्या, सासू कशा आहेत आता? मला बोलताच येईना. फोन ठेवल्यावर पोरीला पण सांगितलं की मम्मीनं तुला खोटं बोलायला लावलं ते चुकलं. तिनं मान हलवली आणि माझ्या हातातनं फोन घेऊन बाहेर टेबलावर ठेवला, रिंग चालू करून.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९ आलंय. थायरॉईड बरोबर आहे. गोळ्या चालू केल्यात, डॉक्टर म्हणाले तीन महिने तरी घ्याव्या लागतील, एवढ्यात फरक बघू नका. नर्सअक्का, तुमचे उपकार. १४४१६ ला पण एकदा फोन केला, रात्री, ह्यांची थर्ड शिफ्ट होती तेव्हा. पलीकडच्या बाईंनी पंधरा-वीस मिनिटं ऐकून घेतलं, दोन आठवड्यांनी परत फोन करा, मन असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. करणार आहे.

टर्नर दादांचं ह्यांना वाचायला दिलं. वाचून काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी कमोडची खुर्ची घेऊन आले आणि रात्रीचं एक उठणं आता त्यांच्याकडं आहे. कधी त्यांना जाग येत नाही, मीच उठते, खरं मला माहीत असतंय की उद्या ते उठतील.

१२ शिवून दिले, एक त्या बाई घेऊन गेल्या, ३ शेजारच्या गल्लीत दिले, ७ उरलेत. दोन दिवस काहीच झालं नाही मधे, नुसते हुक लावले. कन्नडची १८ अक्षरं झाली, मुलगा माझी वही तपासतो आणि लाल पेनानं खुणा करतो.

मावशी, एक विचारायचं होतं, उरलेल्यात दोन काठाच्या साडीचे आहेत, गर्द जांभळे, त्याचं सुती अस्तर तुम्ही आधी भिजवून घेता काय? पावसात वाळायला दोन दिवस जायलेत म्हणून विचारते.

कात्री_मावशी, रात्री १०.०५

भिजवूनच घे बाळ, सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि मग खांद्याला चुण्या पडतात. रात्री भिजव, न पिळता टांग, सकाळी थोडं दमट असतानाच इस्त्री फिरव, वाळतं पण आणि सरळ पण होतं. आणि जांभळा रंग सुटतो काय ते साडीच्या आतल्या टोकाला ओला पांढरा कपडा घासून बघ आधी. सुटला तर अस्तर पांढरं घेऊ नको, जांभळंच आण.